सिएटलहून अलास्का, दोघंच, स्वतःच्या बोटीने. जमेल का?

भटक्या_बेलव्ह्यू:
नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको दोघंच, मुलगी कॉलेजला गेली आणि आम्ही एक जुनी ३२ फुटी ट्रॉलर घेऊन बसलो, एकच डिझेल इंजिन, सात नॉटने (तासाला सात सागरी मैल) निवांत चालते. सॅन हुआन बेटं झाली, डेसोलेशन साउंडपर्यंत जाऊन आलोय. आता उन्हाळ्यात इनसाइड पॅसेजने, म्हणजे किनारा आणि बेटांमधल्या वाटेने, वर अलास्कातलं केचिकन गाव, जमलं तर पुढे हिमनद्यांचं ग्लेशियर बे असं डोक्यात आहे. अडचण एकच, हिला बोट लागते. ती म्हणते तू ने बोट, मी विमानाने केचिकनला येते. कोणी गेलंय का असं? किती वेळ धरायचा, घाबरायचं कुठे, आणि रात्री दोघांत पाळ्या कशा लावता? क्रूझ शिपचे सल्ले प्लीज नकोत, ती करून झाली.

खाडीवाला:
पाळ्या लावायच्याच नाहीत, कारण रात्री चालवायचंच नाही. तिकडे पाण्यात लाकडाचे ओंडके तरंगत असतात, काही तर उभे, नुसतं टोक पाण्याच्या वर, दिवसासुद्धा डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. रोज दुपारी कुठेतरी आत शिरून नांगर टाकायचा. सिएटल ते केचिकन साधारण साडेसहाशे नॉटिकल मैल, तुमच्या स्पीडने नव्वदेक तास इंजिन. हिशोब सोपा वाटतो पण खरा वेळ जातो थांबण्यात, वारा पडायची वाट बघ, धुकं उठायची वाट बघ, प्रवाह वळायची वाट बघ. रजा मोजून घेतली असेल तर जाऊच नका, नेमक्या त्या घाईत लोक नको त्या दिवशी बाहेर पडतात.

वाटेत सेमोर नॅरोज नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत प्रवाह १५ नॉटपर्यंत जातो म्हणजे तुमच्या बोटीच्या दुप्पट. मध्ये रिपल रॉक म्हणून खडक होता, त्याने कितीतरी जहाजं बुडवली, शेवटी १९५८ मध्ये खालून बोगदा खणून सुरुंगाने उडवला. खडक गेला पण पाणी तेच आहे. स्लॅकलाच, म्हणजे प्रवाह वळताना क्षणभर थांबतो तेव्हाच जायचं, आणि स्लॅक म्हणजे पूर्ण भरतीची वेळ नव्हे, प्रवाहाचं टेबल वेगळं असतं ते बघा. टेबलातली वेळ स्टँडर्ड आहे की उन्हाळ्याची तेही बघा, एक तासाने चुकलात तर तिथे भोवरे असतात.

चहाबाज_मावशी:
मलाही लागते बोट, तरी गेले. तुमच्या मिसेसना सांगा, बहुतेक रस्ता बेटांच्या आडोशाने आहे, पाणी खाडीसारखं. उघडा पॅसिफिक लागतो तो व्हँकुव्हर बेट संपल्यावर केप कॉशनच्या टोकाला आणि मग अलास्काच्या हद्दीवरच्या डिक्सन एन्ट्रन्सला. केप कॉशनला पहाटे निघायचं, दुपारी वायव्येचा वारा चढतो. निघण्याआधी रेडिओवर वेस्ट सी ऑटर या समुद्रातल्या मापक बोयाने मोजलेल्या लाटा आणि एग आयलंडचा रिपोर्ट ऐकायचा, तिथल्या दीपगृहावर अजून माणसं राहतात आणि ती समोरचा समुद्र बघून सांगतात. आणि हो, त्या पट्ट्यात सुकाणू तिच्या हातात द्या! क्षितिजाकडे नजर ठेवून चालवणाऱ्याला कमी लागते, आत बसून आलेपाक चघळणाऱ्याला जास्त. तसंही दोघंच जाणार तर तिला बोट वळवणं, नांगर टाकणं आणि व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरच्या (मदतीच्या) चॅनलला बोलणं आलंच पाहिजे, तुम्ही पाण्यात पडलात तर काढणार कोण? आमच्या ह्यांना हे पटायला फार वेळ लागला.

पुढे ग्रेनव्हिल चॅनल या लांब अरुंद वाटेत मजा आहे. दोन्ही बाजूला सरळसोट डोंगर, धबधबे, आणि भरती दोन्ही टोकांनी आत येऊन मध्ये भेटते. भरतीबरोबर आत शिरायचं, मध्यावर पोचेपर्यंत ओहोटी लागते, तीच पुढे बाहेर काढते. फुकटात दोन नॉट.

देवगडचा_हापूस:
मी आपला इथून वाचतोय. तिकडे उधाणाला पाणी किती चढतं? आणि तिसऱ्या, खेकडे मिळतात का? 😄

खाडीवाला:
@देवगडचा_हापूस प्रिन्स रुपर्ट (अलास्काआधीचं कॅनडातलं बंदर), केचिकनला वीस फुटांच्या वर. म्हणून नांगराची साखळी आत्ताच्या खोलीवर नाही, रात्रीच्या भरतीची खोली धरून सोडायची, आणि ओहोटीला बोट टेकणार नाही ना तेही बघायचं. खेकडे भरपूर, लायसन्स काढून पिंजरा टाका. तिसऱ्यांच्या नादी लागू नका, रेड टाइडचं (शिंपल्यांत साठणाऱ्या विषारी शेवाळाचं) विष उकडून जात नाही, बऱ्याच ठिकाणी काढायला बंदीच आहे.

@भटक्या ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण भारतीय पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बोटीवर हवेत. कॅनडात शिरताना ठरलेल्या धक्क्यावरूनच फोन करून रिपोर्ट करायचं, त्याआधी कुठेही उतरायचं नाही. केचिकनला अमेरिकेत परत शिरताना पुन्हा तेच.

भटक्या_बेलव्ह्यू:
हिला वाचायला दिलं. मावशी, तुमचा मेसेज तिने दोनदा वाचला आणि आता म्हणते येते, पण केप कॉशनला कॅप्टन मी आणि तू गप्प बसायचं. मान्य केलंय. ग्लेशियर बेचं परमिट आत्ताच मागू का?

खाडीवाला:
आत्ता नाही मिळणार. जून ते ऑगस्ट परमिट लागतं, दिवसाला २५च खासगी बोटी आत सोडतात, आणि अर्ज ६० दिवस आधीपासून घेतात. फुकट आहे, एका वेळी जास्तीत जास्त सात दिवस. प्रिन्स रुपर्टपर्यंत पोचायची तारीख अंदाजे ठरली की मगच भरा, आणि पुढे चारपाच दिवस मोकळे सोडा.

चहाबाज_मावशी:
चारपाच नाही, आठवडा सोडा. आणि गॅस सिलिंडर जास्तीचा घ्या, त्या थंडीत चहा किती होतो कल्पना नाही तुम्हाला.