लाल चिखलात हिमालयन ४११ : टायर बदलू की मागचं एबीएस बंद करू?

सडेकर
नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बटणाने बंद होतं. गणपतीला राजापूर तालुक्यात गावी जायचंय. शेवटचे ६ किमी कच्चे : आधी कातळसडा (उघड्या खडकाचं पठार), मग वाडीपर्यंत लाल मातीचा उतार. गेल्या वर्षी तिथे घाबरून मागचा ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरत राहिलं, गाडी थांबेना, गडग्याला (दगडी कुंपणाला) जाऊन आदळली. लेग गार्ड वाकला, पाय वाचला. उंची ५ फूट ४ इंच. बजेट सगळं मिळून ८ हजार.

भटक्या_पुणे
टायर. बाकी काही नाही. मी पुढे-मागे नॉबी (खोल खाचांचे) टायर टाकले, १४ हजार गेले, पण पवना धरणामागच्या चिखलात गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते.

सडेकर
दादा, बजेट ८ आहे.

उंचवाट
दोनदा स्पिती केलंय, अनुभवाने सांगतो. ४११ विका आणि हिमालयन ४५० घ्या. ४० पीएस ताकद आहे, उतारावर वेगळाच विश्वास येतो.

तळकोकण
उतारावर ताकद काय करणार? ४११ भरते १९९ किलो, ४५० भरते १९६. चिखलात आडवी झाली की दोन्ही उचलायला तेवढाच दम लागतो.

काळीमाती_परभणी
लाल माती बरी हो. आमच्याकडे काळी माती मडगार्डात अशी भरते की चाकच फिरत नाही. पुढचं खालचं मडगार्ड काढा, वरचं चोचीसारखं मडगार्ड आहेच.

तळकोकण
काळ्या मातीसाठी बरोबर आहे. लाल माती तेवढी चिकटत नाही. वर साबणासारखा पातळ थर आणि खाली टणक जांभा, म्हणून ती घसरवते.
सडेकर, आता एबीएसचं. सैल खडीत किंवा जाड चिखलात चाक लॉक झालं की पुढे मातीचा ढीग जमतो आणि तोच गाडी अडवतो. एबीएस चाक लॉक होऊच देत नाही, ब्रेक सोडत-धरत राहतं, म्हणून उतारावर गाडी थांबतच नाही असं वाटतं. तुमच्या पायाला जाणवलं ते हेच. म्हणून मागचं बंद करायची सोय दिलीय. पुढचं चालू राहतं ते चांगलंच, कारण पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळ मिळत नाही. पण पातळ थरावर ढीगही जमत नाही, तिथे बंद करून फार हाती लागणार नाही. आणि कातळावर शेवाळ असतं, तिथे चालूच हवं.
खरं काम इंजिन करतं. उताराच्या आधीच पहिला गिअर, क्लचला हात नाही, पुढचा ब्रेक दोन बोटांनी हलका.

रानवाट
हवा कमी करा. पुढे १८ पीएसआय.

भटक्या_पुणे
ट्यूबचा टायर आहे. एवढ्या कमी हवेवर टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह उपटतो. मला भर पावसात ४ किमी गाडी ढकलावी लागलीय. २२ च्या खाली जाऊ नका. आणि टायर बदलाच.

पेणकर
आधी ६६ नंबरचा हायवे पार करून दाखवा. मागच्या गणपतीत माणगावातच अडीच तास गेले.

उंचवाट
ताम्हिणीने उतरलात तरी माणगावलाच येता. कोल्हापूरवरून अणुस्कुरा घाट धरा, थेट राजापूर.

पेणकर
आणि त्या घाटात धुकं असलं की?

रानवाट
एबीएसबद्दल मी पण म्हणणार होतो, मागचं बंद करा. इग्निशन बंद करून परत चालू केलं की ते आपोआप चालू होतं, हे विसरू नका. मी चहाला थांबलो, विसरलो, आणि पुढच्याच वळणावर शेतात गेलो.

सडेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पावसात सोसायटीमागच्या मैदानावर मागचं एबीएस बंद करून पाहिलं. दचकलो की माझा पाय पूर्ण दाबला जातो, तीनदा मागचं चाक बाजूला गेलं. सोबत आई असेल. ही सवय आठवड्यात सुटणार नाही.
म्हणून टायर नाही, एबीएसही बंद करणार नाही. सड्यावरच्या देवळापर्यंत गाडी नेईन, पुढचा उतार दोघं चालत उतरू. चुलतभाऊ मूर्ती आणायला बैलगाडी घेऊन येतोच, सामान तीत जाईल. ८ हजारांतून आईसाठी चांगलं हेल्मेट आणि दोघांना रेनकोट घेतोय.

भटक्या_पुणे
टायर बदलले असते तर खाली वाडीपर्यंत गेला असता.