जुन्या पिकअपच्या क्लचमधून खरखर आणि रिव्हर्स टाकताना कर्कश आवाज : गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी निदान कसे करावे?

नमस्कार. माझी पिकअप वीस वर्षांहून जुनी, डिझेलवर चालणारी आणि पाच गिअरची आहे. क्लच केबलचा नसून हायड्रॉलिक आहे आणि त्याचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला आहे. अलीकडे तिच्यातून दोन प्रकारचे आवाज येऊ लागले आहेत. ते एकाच बिघाडाचे आहेत की वेगवेगळ्या, याचा उलगडा मला होत नाही.

इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलवरून पूर्ण काढलेला असताना गाडी शांत असते. पेडल जरासे दाबले, क्लच अजून सुटलाही नाही, तोच बारीक खरखर सुरू होते. पेडल खाली जाईल तशी ती वाढते आणि सोडताच थांबते. दुसरा आवाज उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना येतो आणि तो स्पष्टपणे दातांवर दात घासल्याचा आहे. पहिला गिअरही उभ्या गाडीत अडखळतच पडतो, मात्र चालत्या गाडीत वरचे गिअर विनातक्रार पडतात. पेडल दोन-तीनदा भराभर मारले तर रिव्हर्स बहुधा मुकाट्याने पडतो. क्लचच्या टाकीतील तेल हळूहळू उतरते, पण गाडीखाली थेंब दिसत नाही.

गॅरेजमध्ये गाडी न तपासताच पूर्ण क्लच सेट बदलण्याचा सल्ला मिळाला. सेट बदलायला माझी ना नाही. परंतु तो बदलूनही रिव्हर्सचा आवाज राहिला तर सगळी मेहनत वाया जाईल. गिअरबॉक्स न उतरवता काय काय तपासता येईल, आणि तोपर्यंत गाडी वापरावी का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण लक्षणे नेमकी लिहिल्यामुळे काम सोपे झाले आहे. माझ्या मते हे दोन स्वतंत्र बिघाड आहेत.

खरखर रिलीज बेअरिंगची, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवण्यासाठी पुढे ढकलल्या जाणाऱ्या बेअरिंगची असावी. पेडल थोडेसेच दाबलेले असताना क्लचप्लेट अजून फ्लायव्हीलला (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाला) धरून असते, त्यामुळे क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य दांडा) आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि त्यांच्यामधल्या पायलट बेअरिंगला कामच नसते. त्या क्षणी भार येतो तो केवळ रिलीज बेअरिंगवर. पायलट बेअरिंग खराब असते, तर आवाज पेडल पूर्ण दाबल्यावर, विशेषतः गाडी उभी आणि गिअरमध्ये असताना आला असता. इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचे लक्षण याच्या उलट असते : न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर घरघर आणि पेडल दाबल्यावर शांतता.

रिव्हर्सचे कारण वेगळे आहे. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारा भाग) नसतो, म्हणून इनपुट शाफ्ट थोडा जरी फिरत राहिला तरी तो गिअर आधी ओरडतो. सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबून दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. आवाज गेला, तर शाफ्ट थांबायला फक्त वेळ लागत होता. तरीही घासले, तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल मारल्यावर फरक पडतो, यावरून माझा संशय हायड्रॉलिक भागावर आहे, कारण अडकलेले पायलट बेअरिंग किंवा वाकलेली क्लचप्लेट पेडल मारल्याने सुधारत नाही.

उतरणारे तेल कुठे जाते, तेही पाहा. डॅशबोर्डखाली जिथे पेडलचा दांडा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या सिलिंडरमध्ये) शिरतो तिथे हात फिरवून ओल लागते का ते तपासा, आणि स्लेव्ह सिलिंडरचे रबरी टोपण उचलून आत डोकवा. तेल टोपणात साठत राहिले की खाली थेंब पडत नाही. नंतर कुणाला तरी पेडल दाबायला सांगून स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते मोजा आणि गाडीच्या माहितीपुस्तकातील मापाशी ताडून पाहा. टाकीत पुस्तकात सांगितलेले ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइल घातल्यास रबरी सील फुगतात, आणि हा प्रकार मी दुर्दैवाने बऱ्याचदा पाहिला आहे.

तोपर्यंत गाडी जपून वापरता येईल. रिव्हर्सपूर्वी पहिला किंवा दुसरा गिअर टाकून पाहा, म्हणजे शाफ्ट थांबतो आणि दात वाचतात. खरखर मात्र फार काळ चालू देऊ नका. बेअरिंग तुटले तर प्रेशर प्लेटची (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाची) बोटेही खराब होतात.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. स्लेव्ह सिलिंडरचे टोपण तेलाने भरलेले निघाले. सिलिंडर बदलून तेलातली हवा काढल्यावर रिव्हर्स निमूटपणे पडतो. खरखर मात्र आपण म्हणालात तशी कायम आहे. आता रिलीज बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवणारच आहे, तर सोबत आणखी काय बदलावे?

प्रतिसाद

क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि पायलट बेअरिंग सोबतच बदला, कारण खरे श्रम उतरवण्या-चढवण्याचेच असतात. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे आहेत का ते पाहा, क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत नसल्याची खात्री करा, आणि रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकते तिच्यावर चर पडले असतील तर तीही बदला, अन्यथा नवे बेअरिंग अडखळतच सरकेल.