मदत हवी आहे: मातीकामाच्या कार्यशाळेतली भांडी भाजायची कशी आणि वर्षाचं गणित बसवायचं कसं? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरमध्ये आम्ही तिघी मैत्रिणी मिळून मातीकामाच्या कार्यशाळा घेतो. शनिवारी दुपारी सात ते बारा वयाची मुलं, रविवारी सकाळी आई-बाबा-आजी-नातवंडं अशी कुटुंबं, आणि आठवड्यात दोन संध्याकाळी मोठी माणसं. जागा सोसायटीच्या पार्किंगलगतची खोली आहे. नळ आहे, पंखे आहेत, भट्टी नाही. शिकवायला आमच्याबरोबर जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातले एक बाबा येतात. वय सत्तरीच्या पुढे. चाकावरून ते सुगड उतरवतात तेव्हा एरवी खोलीभर पळणारी मुलं जागची हलत नाहीत.

अडचण आहे ती भाजण्याची. सध्या मुलांची भांडी आमच्याकडे फळीवर वाळतात आणि बाबा आवा (गोवऱ्यांत भांडी रचून भाजायची उघडी भट्टी) लावतील तेव्हा त्यांच्या भांड्यांबरोबर जातात. पण बाबांचा आवा ठरलेल्या दिवशी लागत नाही. त्यांचा माल पुरेसा साठला, ऊन चांगलं असलं, गोवऱ्या आल्या, की मग. कधी पंधरा दिवसांत भांडी हातात येतात, कधी दोन महिने जातात. इकडे पालक विचारत राहतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. मुलानं स्वतःच्या हातानं केलेली वाटी त्याला आठवडाभर आठवते, पुढे शाळा-क्लासच्या गडबडीत ती मागे पडते. दोन महिन्यांनी ती वाटी घरी गेली तर मूल तिच्याकडे परक्यासारखं बघतं.

दुसरं म्हणजे आव्यात मुलांची भांडी फुटतात. बाबांची क्वचित एखादं, आमची मात्र बरीच. बाबा म्हणतात, पोरांची भांडी जाड असतात, ओल पोटात राहते. मोठ्यांच्या वर्गासाठी आम्ही उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याकडची तयार माती पाकिटातून मागवतो. ती आव्यातून फुटत नाही, पण फिकट, ठिसूळ होऊन येते आणि पाणी झिरपतं.

विजेची भट्टी घ्यावी का, हा विचार आहे. सोसायटीच्या मीटरवर तेवढा भार मिळणार नाही असं कळलं, आणि भट्टीचा खर्च शुल्कात घातला तर शुल्क दुप्पट होईल. आत्ता आम्ही मुलांकडून ३०० रुपये घेतो. वॉचमनकाकांची मुलगी आणि सहाव्या मजल्यावरचा मुलगा एकाच पाटावर बसून माती मळतात ते या शुल्कामुळेच, आणि ते मला मोडायचं नाही. काही जणांनी सुचवलं की भाजूच नका, न भाजलेल्या भांड्यांवर ॲक्रिलिक रंग मारून त्याच दिवशी घरी द्या. ते मला पटत नाही. पाणी घातलं की विरघळणारी वाटी ही वाटी नव्हे, आणि माती आगीतून गेल्यावर काय होतं हे मुलांनी बघितलंच पाहिजे.

बाबांच्या मानधनाचंही नीट ठरवायचं आहे. ते तोंडानं काही मागत नाहीत, ‘द्या तुमच्या मनानं’ म्हणतात. त्यांच्या हातातलं ज्ञान आहे म्हणून हा वर्ग उभा आहे. त्यांना मदतनीस म्हणून नव्हे, गुरुजी म्हणून पैसे मिळायला हवेत.

ज्यांनी असं काही चालवलं आहे, किंवा ज्यांच्या घरात हा धंदा आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. एका ओळीतलं उत्तरही चालेल.

प्रतिसाद: चिनीमाती

ताई, मी सिरॅमिक शिकलो आहे आणि पुण्याजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. आधी फुटण्याबद्दल सांगतो, कारण त्यावर उपाय आहे.

हवेच्या बुडबुड्यानं भांडं फुटतं असं सगळीकडे सांगतात. खरं कारण पाणी. १०० अंशांना पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती भांडं फोडून निघते. पोकळ जागा असली आणि माती पूर्ण सुकलेली असली तर काही होत नाही. म्हणून मुलांच्या भांड्याची भिंत करंगळीपेक्षा जाड नको. हत्ती, गणपती असं भरीव काही केलं असेल तर ते अर्धवट वाळल्यावर खालून चमच्यानं पोखरून घ्या आणि तळाला भोक ठेवा. वाळलं की नाही ते बघायला भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. नाशिकच्या मे महिन्यात उलटा त्रास होतो: काठ झटकन वाळतो, बूड ओलं राहतं आणि तडा जातो. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र आणि वरून सैल प्लास्टिक घालून ठेवा, मग उघडा. कान आणि तोट्या तुटत असतील तर जोडताना दोन्ही बाजूंना काट्यानं ओरखडे काढून मातीची लापशी लावा, आणि दोन्ही तुकडे सारखेच ओले असू द्या.

पाकिटातल्या मातीचं कारण वेगळं आहे. ती स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजायच्या भांड्यांची माती असणार. तिला पक्कं व्हायला १२०० अंशांच्या वर उष्णता लागते. उघडा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. बाबांची माती त्या आगीसाठीच बनलेली आहे, ही नाही. आवा वापरायचा असेल तर मोठ्यांनाही बाबांचीच माती द्या. शेकडा १०-१५ भाग बारीक चाळलेली खापराची पूड मिसळलीत तर ती जाड कामालाही सोसते.

आणखी एक. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि गाळात चुनखडीचे खडे असतात. ते भाजल्यावर चुना होतात, हवेतला ओलावा शोषून फुगतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी चांगल्या भांड्याचा टवका उडतो. माती पाण्यात कालवून बारीक जाळीतून गाळून घ्याच.

खोली कोरडी झाडू नका. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसाला वाईट, आणि तुम्ही तिघी तर तिथे रोज आहात. ओल्या फडक्यानं पुसा. वाळलेल्या भांड्याला सँडपेपर नको, ओला स्पंज फिरवा. हात धुण्याचं पाणी बादलीत साठवा, माती खाली बसली की वरचं पाणी झाडांना घाला. सोसायटीची गटार तुंबली तर वर्ग दुसऱ्या दिवशी बंद होईल.

धागाकर्ती

गालाला लावून बघायचं बाबाही सांगतात, त्यामागचं कारण आज कळलं. पाकिटातली माती बंद करते. ६०० अंशांच्या पुढे गेलेली माती पुन्हा चिखल होत नाही असं वाचलं होतं, तेवढी उष्णता आव्यात नक्की मिळते ना?

प्रतिसाद: चिनीमाती

मिळते. सगळ्या थरांत सारखी मिळत नाही, एवढंच. कडेचं एखादं भांडं कच्चं राहतं. टिचकी मारून बघा, खणखणीत वाजलं तर भाजलं.

प्रतिसाद: बालवाडीची बाई

कुटुंबांच्या वर्गाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या अनुभवात अडचण मुलांची नसते, बाबालोकांची असते. मुलाचं भांडं वाकडं झालं की त्यांचे हात शिवशिवतात. दहा मिनिटांत मूल नुसतं बघत बसतं आणि वडील भांडं करतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही, प्रेमापोटीच करतात. मी प्रत्येक मोठ्या माणसाला आधी स्वतःचा गोळा देते. अर्धा किलो, मुलाला देते तेवढाच. त्यांनी त्याची चिमटीची वाटी करायची. आपली वाटी तडकायला लागली की दुसऱ्याच्या वाटीकडे लक्ष द्यायला वेळ उरत नाही! मग शेवटच्या अर्ध्या तासात सगळ्यांनी मिळून एक मोठी वस्तू: मोठ्यांनी वळ्या वळून द्यायच्या, मुलांनी त्या एकावर एक चढवायच्या. आज्या यात फार रमतात, कुरडया-शेवयांचा हात असतो त्यांचा.

चाक मात्र मुलांच्या वर्गात एकच असेल तर ते तुमच्या कुंभारबाबांनाच चालवू द्या. रांगेत वीस मिनिटं उभं राहून दोन मिनिटं चाकाला हात लावण्यात मुलाला काही मिळत नाही. मोठ्यांना चाक हवंच असतं, पण माती चाकाच्या मध्यावर आणायलाच त्यांचे दोन-तीन वर्ग जातात. एका दिवसाचं शुल्क घेऊ नका, सहा वर्गांची तुकडी करा.

प्रतिसाद: सिन्नरची लेक

माझं माहेर कुंभाराचं. धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही बाबांचा आवा तुमच्या तारखांना बसवायला बघताय. उलट करा. आमच्या घरात वर्ष सणांवर चालतं. पौषात संक्रांतीची सुगडं, त्यासाठी आवे मार्गशीर्षापासून लागतात. मग उन्हाळ्याचे माठ-रांजण, आखाजीची (अक्षय तृतीयेची) करा-केळी, म्हणजे पाण्याची छोटी मडकी. भाद्रपद सरता सरता नवरात्राचे घट, लगेच दिवाळीच्या पणत्या. या दिवसांत आवा लागणारच, त्याला कुणाची विनवणी करावी लागत नाही. बाबांना विचारा, पुढचा आवा कुठल्या सुमाराला. त्याच्या तीन आठवडे आधी मुलांचा वर्ग घ्या. आठ-दहा दिवस वाळायला, बाकीचे दिवस हाताशी. पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की हे भांडं संक्रांतीच्या आव्यात जाणार आहे. तारखेपेक्षा सण लोकांना लवकर पटतो, आणि वाट बघायलाही बरं वाटतं.

पावसाळ्यात आवा बंद. तेव्हा भाजायचं कामच काढू नका. पोळ्याचे बैल करा, शाडूचे गणपती करा. ते न भाजताच घरी जातात आणि त्यांचं तसंच जायचं असतं.

मुलांची भांडी फुटू नयेत म्हणून माझे वडील दोन गोष्टी करायचे. आवा रचायच्या दिवशी सकाळपासून कच्चा माल कडक उन्हात मांडायचे, अंगानं तापला पाहिजे. आणि लहान, नाजूक काम मोठ्या माठाच्या पोटात ठेवायचे, म्हणजे ज्योत थेट लागत नाही. बाबांना हे माहीत असणारच, पण तुमची भांडी परक्याची म्हणून ते मध्ये न घेता कडेला लावत असतील. त्यांना सांगा की मध्ये जागा द्या, आणि त्या जागेचे पैसे वेगळे द्या.

पैशाचं स्पष्ट बोलते. डोक्यामागे देऊ नका. पाच मुलं आली काय नि पंधरा आली काय, त्यांचा अर्धा दिवस तुमच्याकडे जातो. बैठकीमागे ठरावीक रक्कम द्या, तीही त्याच दिवशी. माती वेगळी, आवा वेगळा, रिक्षाभाडं वेगळं. चारही गोष्टी वहीत लिहा आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवा. ‘द्या तुमच्या मनानं’ हे आमची माणसं सगळ्यांना म्हणतात, मग समोरच्याचं मन कमी निघालं तरी गप्प बसतात. जाहिरातीत त्यांचं नाव तुमच्या नावांच्या वर घाला, त्यांना विचारून. विजेचं चाक नसेल तर खादी ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण योजनेची चौकशी करा, २०१८ पासून त्यात चाकं देतात. दांड्यानं चाक फिरवून त्या वयात खांदे भरून येतात.

प्रतिसाद: गोदाकाठ

भाजण्यातलं मला कळत नाही, पण मुलांना दाखवण्यासारखी एक गोष्ट सांगतो. जुन्या नाशकातच गोदेच्या काठी मातीची गढी आहे. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी नाशिकच्या या गढीवर आणि जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. तिथल्या भांड्यांवरून एका सबंध संस्कृतीला नाव मिळालं: लाल अंगावर काळी नक्षी, तोटीची भांडी, तीन हजार वर्षांहून जुनी. त्यांची चित्रं छापून भिंतीवर लावा. तोटी कशी जोडली असेल हे मुलांनाच विचारा, आणि मग बाबांना एक तोटीचं भांडं करून दाखवायला सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सिन्नरच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी काल संध्याकाळी बाबांना वाचून दाखवला. माठाच्या पोटात ठेवायचं ऐकून ते म्हणाले, ‘बरोबर सांगती ती. मोठे माठ आता कमी लागतात, म्हणून पोट कमी.’ म्हणजे अडचण जागेची होती. आम्ही त्यांच्याकडून चार मोठे माठ विकत घेणार आहोत, फक्त या कामासाठी. दर आव्यात तेच वापरायचे.

बैठकीमागे रक्कम ठरली. वही केली. नाव वर घालायला त्यांनी आधी नको म्हटलं, मग सुनेला विचारून हो म्हटलं. सूनही चाकावर बसते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मोठ्यांच्या सहा वर्गांच्या तुकडीला ती शिकवायला येईल का, ते विचारते आहे.

विजेच्या भट्टीचा विचार सध्या सोडला. वर्षाचा तक्ता सणांप्रमाणे मांडते आहे, पहिला आवा नवरात्राच्या घटांचा.

अजून एक मदत हवी. सोसायटीत वाळवणाला जागा पुरत नाही. पंचवटी किंवा आडगाव बाजूला कुणाकडे पत्र्याची शेड, पडवी, वापरात नसलेला गोठा असेल, जिथे वारा लागेल पण थेट ऊन आणि मांजरं येणार नाहीत, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फळ्या आम्ही आणू, भाडं देऊ. कुंभारवाड्यापासून छोट्या टेम्पोनं अर्ध्या तासात पोचता आलं पाहिजे, कच्ची भांडी त्यापेक्षा जास्त हादरे सोसत नाहीत.