क्षयरोगावरचं एक संयुग, फेटाळलेला प्रस्ताव आणि दुसरा प्रयत्न

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात औषधी रसायनशास्त्र शिकवते. चार वर्षांत एम.फार्म.च्या मुलांबरोबर एकाच गाभ्याची २३ संयुगं बनवली. त्यातलं सतरावं (आम्ही त्याला 'सतरा'च म्हणतो) मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर, म्हणजे क्षयजंतूच्या निरुपद्रवी भाऊबंदावर, चाललं. हे आमच्याच लॅबमध्ये पाहिलं. मग बीएसएल-३ (घातक जंतूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा) असलेल्या एका संस्थेत पाठवून खऱ्या क्षयजंतूवर, म्हणजे एच३७आरव्हीवर, एमआयसी (जंतूची वाढ रोखणारं कमीत कमी प्रमाण) काढून घेतली. १.६ मायक्रोग्रॅम प्रति मिली. दोनदा केली, दोन्ही वेळा तीच. व्हेरो पेशींना (विषारीपणा तपासायला वापरतात त्या माकडाच्या पेशी) ५० मायक्रोग्रॅमपर्यंत काही होत नाही.

गेल्या वर्षी पहिला प्रस्ताव पाठवला. तीन वर्षं, ९२ लाख, त्यातले २८ लाख एचपीएलसी या शुद्धता तपासण्याच्या यंत्रासाठी. शेवटचा टप्पा 'उंदरांवरील परिणामकारकता व क्लिनिकल चाचणीची पूर्वतयारी'. सादरीकरणालाही बोलावलं नाही. तीन शेरे आले: टार्गेट (संयुग जंतूतल्या कशावर काम करतं ते) माहीत नाही; रेणूत नायट्रो गट आहे, त्यामुळे विषारी ठरण्याची शक्यता; आणि 'अर्जदाराला नेमकं काय शोधायचं आहे ते स्पष्ट होत नाही'. तिसरा शेरा मनातून जात नाही.

माझ्या मावशीला औषधांना न जुमानणारा टीबी झाला होता. दोन वर्षं उपचार, त्यात कितीतरी महिने कानामायसिनची इंजेक्शनं. टीबी गेला, पण डाव्या कानानं तिला आजही ऐकू येत नाही. या विषयात मी तिच्यामुळे आले.

पुन्हा अर्ज करायचा आहे. कुठे करू, किती मागू, आणि टार्गेट माहीत नसताना काय लिहू? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

जुना_केमिस्ट

मॅडम, मी २७ वर्षं ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात औषधशोधाच्या कामात होतो, निवृत्तीनंतर काही वर्षं असे प्रस्ताव तपासले. तिसऱ्या शेऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत.

तुमच्या अर्जात शेवटी उंदीर आहेत, पण 'सतरा' पाण्यात किती विरघळतं याचा उल्लेख तुम्ही इथेही केलेला नाही. यकृताच्या मायक्रोसोममध्ये (औषध मोडणारी एन्झाइमं असलेला पेशींचा अर्क) ते किती मिनिटं टिकतं? रक्तातल्या प्रथिनांना किती चिकटतं? एम्स टेस्ट, म्हणजे डीएनए बिघडवतं का? हर्ग, म्हणजे हृदयाच्या ठोक्याला धोका आहे का? बहुतेक संयुगं इथेच मरतात, आणि या चाचण्या उंदरांच्या मानाने कितीतरी स्वस्त आहेत. त्या पहिल्या सहा महिन्यांत घ्या आणि प्रत्येकीपुढे आकडा लिहा: अर्धायुष्य इतक्या मिनिटांच्या खाली आलं तर 'सतरा' थांबवू आणि मालिकेतल्या दुसऱ्या संयुगाकडे वळू. असं लिहायला लोक घाबरतात, त्यांना वाटतं आपणच आपल्या संयुगावर अविश्वास दाखवतोय. माझ्यापुढे असा अर्ज आला की मी तो वर ठेवायचो. कुठे थांबायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती पैसे द्यायला धीर होतो.

आता टार्गेट. बेडाक्विलिन हे क्षयाचं औषध कसं सापडलं ते प्रस्तावात दोन ओळींत जरूर लिहा. कंपनीने संयुगं थेट स्मेग्मॅटिसवर टाकून पाहिली, जे चाललं त्याला दाद न देणारे जंतू वाढवले, त्यांचा जीनोम वाचला आणि बदल एटीपी सिंथेजच्या (जंतूला ऊर्जा पुरवणारं एन्झाइम) जनुकात सापडला. २००५ साली हे प्रसिद्ध झालं, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे आधी परिणाम, मग टार्गेट, हा रस्ता मळलेला आहे. तुम्हीही 'सतरा'ला दाद न देणारे म्युटंट (जनुकात बदल झालेले जंतू) वाढवून सिक्वेन्सिंग करा, म्हणजे त्यांचा जीनोम वाचा. फक्त वेळ प्रामाणिकपणे धरा. एच३७आरव्ही दुप्पट व्हायला २० तासांच्या आसपास घेतो, प्लेटवर वसाहती दिसायला तीन-चार आठवडे जातात. म्युटंट मिळवणं, पुन्हा वाढवून खात्री करणं, डीएनए काढणं यात सहा महिने सहज जातील. 'दोन महिन्यांत टार्गेट' असं वाचलं की तपासणाऱ्याला कळतं, या माणसाने क्षयजंतू कधी वाढवलेला नाही.

नायट्रो गटाची भीती खरी आहे, पण तेवढ्यावर रेणू बाद होत नाही. डेलामनिड आणि प्रेटोमनिड या क्षयाच्या दोन्ही औषधांत नायट्रो आहे आणि दोन्ही आज रुग्णांना दिली जातात. जंतूचंच एक एन्झाइम त्यांना आत गेल्यावर सक्रिय करतं. मला शंका वेगळीच आहे. नायट्रो असलेली बरीच संयुगं डीपीआरई१ या जंतूच्या एकाच एन्झाइमवर जाऊन बसतात. बीटीझेड०४३ या संयुगाचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. डीपीआरई१मधलं ३८७ क्रमांकाचं सिस्टीन हे अमिनो आम्ल बदललेली स्ट्रेन ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडून 'सतरा' तपासून घ्या. त्या स्ट्रेनवर ते चाललं नाही तर टार्गेट जवळजवळ हाती आलं, फक्त नावीन्य कमी झालं. चाललं तर प्रस्तावाचं वजन एकदम वाढेल. शिवाय नायट्रोच्या जागी सायनो आणि ट्रायफ्लुओरोमिथाइल हे दुसरे गट घालून दोन संयुगं बनवा. हे ग्रँट मिळण्याआधीच होईल, मुलांच्या प्रबंधात बसेल.

आणि एचपीएलसी काढून टाका. तासाच्या दराने वापरायला मिळतं.

पाषाण_रोड

काकांनी विज्ञानाचं सांगितलं, मी पैशाच्या वाटेचं सांगते. मी बायरॅकच्या (जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणारी सरकारी संस्था) बिग ग्रँटवर काम केलंय. १८ महिने, जास्तीत जास्त ५० लाख, अर्ज साधारण १ जानेवारी आणि १ जुलैला खुले होतात. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि मुंबईत आयआयटीचं साइन ही नवउद्योगांना मदत करणारी केंद्रं त्याचे भागीदार आहेत. अर्ज भरण्याआधी त्यांच्याशी बोलून या. नोकरीत असल्याने कॉलेजचं ना-हरकत पत्र लागेल. ते आजच मागा, आमचं सहीसाठी सात आठवडे फिरत होतं. पण बिगमध्ये 'हे पुढे कोण विकत घेईल' हा प्रश्न येतोच. टार्गेट शोधण्याचं काम तिथे घालू नका. त्यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) छोटी एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना दिली जाणारी, ग्रँट बघा, ती २ कोटींपर्यंत असते. बाहेरून करून घ्यायच्या चाचण्यांवर जीएसटी धरायला विसरू नका, आम्ही विसरलो आणि शेवटच्या तिमाहीत रसायनं उधारीवर आणली.

एक विचारते: 'सतरा'ची रचना कुठे छापली किंवा दाखवली आहे का?

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. हो, ऑक्टोबरमध्ये एका परिषदेत पोस्टर लावलं होतं. सारांशपुस्तिकेतही पूर्ण रचना छापली आहे. आता नऊ महिने झाले.

पाषाण_रोड

मग आजच पेटंट एजंटला फोन करा, कारण रचना आधी जाहीर झाली की पेटंट हातचं जाऊ शकतं. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या किंवा तिच्या इतिवृत्तात छापलेल्या निबंधाला आपल्या पेटंट कायद्यात, कलम ३१ मध्ये, १२ महिन्यांची सवलत आहे. पोस्टर त्यात बसतं का हे तोच सांगेल. अमेरिकेतही एक वर्ष मिळतं. युरोपात मात्र दार बंद झालं असं धरा. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची सरकारी फी शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन १,६०० रुपये आहे, त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. सायनोवालं संयुग अजून कुणाला दाखवलं नसेल तर ते अर्ज होईपर्यंत वहीतच राहू द्या.

कृष्णाकाठ

एजंटशी बोलले. सोमवारी पुण्याला जातेय, पोस्टर आणि पुस्तिका घेऊन. येताना पाषाणला, व्हेंचर सेंटरमध्ये, थांबेन.

काल रात्री प्रस्ताव नव्याने मांडला. १८ महिने, ४१ लाख, उंदीर नाहीत. पहिल्या पानावर एकच प्रश्न: 'सतरा' किंवा त्याचं नायट्रो नसलेलं भावंड तोंडावाटे देण्याजोगं आहे का? सहाव्या महिन्यापुढे थांबण्याचे चार आकडे लिहिले. लिहिताना हात जड झाला होता, पण त्यानंतर बाकीचं बजेट तासाभरात जुळलं.

आज कपाट उघडून वजन केलं तर 'सतरा' १४० मिलिग्रॅम उरलंय. विद्राव्यता, मायक्रोसोम आणि एम्स मिळून ते पुरणार नाही. दोन मुलं शुक्रवारपासून दोन ग्रॅमची नवी बॅच लावतायत.