विषय: बीपीची जोडगोळी आणि आईचा अंगठा

नमस्कार मंडळी,
आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली आहे. गेल्या वर्षी तिला टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची जोडगोळी सुरू झाली. परवा पहाटे पायाचा अंगठा लालबुंद सुजला, अंगावरची चादरही सोसवेना. युरिक ॲसिड ८.९ निघालं, उपाशीपोटीची साखर ११८. आजवर साखर कधी शंभरापुढे गेली नव्हती. ती म्हणते, गोळीच बंद करते. काय करू?

---

अगं, गोळी परस्पर बंद करू देऊ नकोस. बीपी चढलेलं कळतही नाही.

तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली, म्हणून सांगते. थायझाइड ही लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. तिच्यामुळे युरिक ॲसिड मात्र शरीरात साठतं, आईंचा अंगठा त्यानेच सुजला असावा. पोटॅशियमही लघवीतून जातं, आणि ते घटलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन नीट सुटत नाही. साखर चढण्याचं हे एक कारण. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ऑलहॅट अभ्यासात, आधी मधुमेह नसलेल्यांपैकी याच जातीच्या क्लोरथॅलिडोनवर चार वर्षांनी ११.६ टक्क्यांची साखर मधुमेहाच्या पातळीला गेली होती, लिसिनोप्रिल या बीपीच्या दुसऱ्या औषधावर ८.१ टक्क्यांची. पण पक्षाघात लिसिनोप्रिलवर जास्त झाले! म्हणून या गोळीला सरसकट वाईट म्हणवत नाही मला. आईंना ती सोसतेय का, एवढंच बघायचं.

डॉक्टरांकडे जाताना स्ट्रिपच घेऊन जा. पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. थायझाइडऐवजी ॲम्लोडिपिन चालेल का, ते विचार. टेल्मिसार्टनच्या जागी लोसार्टनचंही विचार, त्याने युरिक ॲसिड थोडं उतरतं.

तोवर दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन देऊ नकोस. या दोन औषधांच्या जोडीला ती आली की मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि मीठ कोणतं वापरता? लो-सोडियम मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं. उद्या थायझाइड काढलं आणि मीठ तेच राहिलं, तर पोटॅशियम वर जाईल, आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं.

---

काकू,
आयबुप्रोफेन काल रात्री एक दिली होती, आता देणार नाही. मिठाचा पुडा आईनेच बॅगेतून आणलाय, 'बीपीवाल्यांसाठी चांगलं' म्हणून. मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. उद्या ११ची वेळ मिळाली आहे. स्ट्रिपबरोबर पुडाही नेते.