नोकरी, घर आणि सायकल : वेळ कुठून काढता? (अनुभव लिहा)

मागचं चाक (पुणे)

चार वर्षांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली. पहिलं वर्ष जोरात गेलं. रविवारी पहाटे सव्वापाचला वारज्यातून निघायचं, खडकवासल्यावरून गोळेवाडी, तिथून सिंहगडाचा नऊ किलोमीटरचा घाट, वर कांदाभजी नि मडक्यातलं दही, आणि साडेदहाला घरी. आल्यावर आंघोळ आणि जेवणाआधी एक डुलकी. एका रविवारी बायको भांडी लावता लावता, अजिबात न चिडता म्हणाली, "तुझी सायकल माझ्या झोपेवर चालते."

त्या पाच तासांत दूध तापवणं, आईच्या उपाशीपोटीच्या गोळ्या, मावशींना दार उघडणं, लेकीला क्लासला सोडणं, सगळं तिच्याकडे. रविवार तिचाही होताच की. मी तोऱ्यात सायकलच बंद केली. तीन महिने ती बाल्कनीत उभी, हँडलवर लेकीचे मोजे वाळतायत. आता वाटतं तो नुसता फुगा होता, कारण सायकलच्या वेळात मी झोपायला लागलो आणि तिचं काम जिथल्या तिथे राहिलं.

सध्याची घडी अशी: मंगळवार-गुरुवार साडेपाचला बाहेर, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे करत खडकवासल्याचं धरण आणि परत. वीसेक किलोमीटर होतात, सातच्या आत घरात. रविवार एकाआड एक. माझा नसलेल्या रविवारी ती साडेआठपर्यंत उठत नाही आणि दार मी उघडतो. गंमत म्हणजे महिन्याचे किलोमीटर वाढले. आधी दोनशेच्या आसपास व्हायचे, आता अडीचशेच्या पुढे जातात.

एक बारीकशी गोष्ट: हवा आदल्या रात्री भरून ठेवतो. माझ्या ट्यूबला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे, पेट्रोल पंपाची नळी त्याला थेट बसत नाही. पहाटे पंप आणि ॲडॉप्टर शोधण्यात वीस मिनिटं जायची, वर कपाटाच्या दारांचा आवाज.

तुमचं कसं चालतं ते लिहा. घड्याळाच्या काट्यासकट लिहा, आणि तुम्ही बाहेर असताना घरात कोण काय करतं तेही. "इच्छा असली की वेळ मिळतो" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको. ते माझा मेहुणा रोज सांगतो.

बेसमेंट पार्किंग (पुणे)

मी वेगळा वेळ काढतच नाही, ऑफिसलाच सायकलने जातो. बाणेर ते हिंजवडी. कारने पन्नास मिनिटं ते सव्वा तास, पाऊस पडला की त्याचाही भरवसा नाही. सायकलने चाळीस मिनिटं, रोज चाळीसच. म्हणजे व्यायाम फुकटात पडतो असं मी सगळ्यांना सांगतो.

खरं तर फुकटात पडत नाही. सोमवारी कार न्यावी लागते, कारण आठवड्याचे चार शर्ट, टॉवेल आणि बूट ऑफिसच्या कपाटात पोचवायचे असतात. इस्त्रीवाल्याचं गणित रविवारी. ऑफिसात शॉवर आहे, पण त्याची किल्ली ॲडमिनकडे आणि ॲडमिन येणार साडेनऊला. पहिले दोन महिने अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात बादली-मग्गा. ते बरोबर नव्हतं, एकाने तोंडावर सांगितलं आणि मी ऐकलं. आता मी आलोय हे बघून सिक्युरिटीवाले काका किल्ली आणून ठेवतात.

पार्किंगचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या दिवशी मला गेटवर अडवलं. सायकलला जागा नाही. म्हटलं टू-व्हीलरमध्ये लावतो. तर, "आरसी बुक दाखवा." दोन चाकं आहेत पण आरसी नाही, असा प्राणी त्यांच्या वहीत बसेना. शेवटी जनरेटरच्या मागे जागा मिळाली. अजून तिथेच लावतो.

घाटावरची (सातारा)

मागचं चाक, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

मी बँकेत आहे, दोन मुलं, धाकटा दुसरीत. आठवड्यातून तीनदा समर्थ मंदिराच्या चौकातून येवतेश्वरचा घाट चढते. घरातून पाचला निघते, सव्वासहाला परत. पहिलं वर्षभर मला जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "मग मुलं कुणाकडे?" आमचे हे पंधरा वर्षं पहाटे बॅडमिंटनला जातात. त्यांना हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. मुलं तीच, घर तेच. आता मी उत्तर देते, "त्यांच्या बाबांकडे," आणि समोरचा काय बोलावं ते न सुचून सायकलची किंमत विचारतो.

एकटी जायची छाती नव्हती, अंधारात कुत्री मागे लागतात. आमच्या गल्लीतल्या चौघी तयार झालो. ज्या दिवशी जिचं कुणी आजारी असेल ती थांबते आणि बाकी तिघींच्या घरी जाऊन मुलांना उठवते. हे ठरवून केलं नाही, एकदा गरज पडली आणि मग पडत गेली. जुलैत घाटात धुकं इतकं की पुढचीचा लाल दिवा तेवढा दिसतो. पावसाळ्यात मागचा दिवा चालू नसेल तर आम्ही तिला नेतच नाही.

दोन वर्षांपूर्वी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, केली. साडेतेरा तासांत संपवायची असते. साडेतेरा तासांचं काही नाही हो, एक दिवस कुणीही सांभाळतं. त्याआधीचे तीन महिने, दर रविवारी साठ, ऐंशी, शंभर किलोमीटर, ते घराला जड जातं. मी आदल्या रात्री स्वयंपाक करून डब्यांवर पट्ट्या चिकटवायचे: सकाळ, दुपार, रात्र. बीआरएमच्या दिवशी ह्यांनी बारा वाजताच "रात्र" उघडला, कारण त्यात भरली वांगी होती. रात्री नऊला मी दमून घरी आले तर समोर "सकाळ"मधले गारढोण पोहे. सासूबाई म्हणाल्या, "मी त्याला सांगत होते, पण तो ऐकतो कुठे?" मग त्यांनीच पिठलं टाकलं. तेव्हापासून पट्ट्या बंद. रविवारी दुपारचं जेवण हे करतात. मुगाची खिचडी येते, दर रविवारी तीच. चालतं.

तीन शिफ्टवाला (नाशिक)

सातपूर एमआयडीसी. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी अकरा ते सात. दर आठवड्याला बदलते. त्यामुळे "रोज पहाटे" वगैरे सल्ले माझ्या कामाचे नाहीत.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात चारला गंगापूर धरणाकडे जातो. दुसऱ्या पाळीला सकाळी मुलगी शाळेत गेली की. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सायकल बंद, ही माझी पक्की अट. एकदा रात्रपाळी करून सकाळी सातला तसाच त्र्यंबक रोडला निघालो, चालवता चालवता डोळा लागला. दुभाजकाला पेडल घासलं आणि जाग आली. घरी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

आमच्या नाशकातल्या दोघा डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, भारतातली ती पहिली जोडी. तेव्हा कंपनीतले निम्मे लोक सायकल घ्यायला धावले होते. मी आणि माझ्या भावाने दोघांत मिळून एकच घेतली. त्याच्या पाळ्या आणि माझ्या पाळ्या उलट्या पडतात, त्यामुळे भांडण नाही. फक्त सीटची उंची कुणी बदलली यावरून होतं.

कालव्याकाठची (उट्रेख्ट, नेदरलँड्स)

इथे राहते म्हणून लोकांना वाटतं माझी चंगळ आहे. काही अंशी खरंय. सकाळी बाकफीट्समध्ये, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलीत, मुलाला बसवून पाळणाघरात सोडते, तिथून ऑफिस, येताना भाजी. दिवसाला दहा-बारा किलोमीटर, रोजच्या जीन्समध्ये. पण याला इथे कुणी सायकलिंग म्हणत नाही. ठाण्यात आपण रिक्षाने जातो तेव्हा "रिक्षाटन" करतो का, तसंच.

नवरा शेजारच्या शहरात नोकरीला. सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा साधी सायकल ट्रेनमध्ये चढवू देत नाहीत, म्हणून त्याने घडीची घेतली. माझी स्टेशनच्या पार्किंगमध्ये असते. तिथे साडेबारा हजार सायकली मावतात. पहिल्या हिवाळ्यात मी कुठल्या मजल्यावर लावली ते विसरले आणि वीस मिनिटं रडकुंडीला येऊन फिरले. आता फोटो काढून ठेवते.

घाट नाहीत, पण वारा आहे. समोरून आला की सपाट रस्त्यावर येवतेश्वर चढल्यासारखं होतं, आणि पेटीत बसलेला मुलगा विचारतो, "आई, तू थांबलीस का?"

मनसोक्त लांब जायला मात्र मलाही वेळ मिळत नाही. तीन वर्षांत दोनदा गेले. तेव्हा धागाकर्त्यांचा प्रश्न माझाही आहे.

डाव्या कडेने (ठाणे)

मी रस्ता सोडला. घोडबंदर रोडला एका टेम्पोचा आरसा खांद्याला लागला, कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. बायको काही बोलली नाही, हेल्मेट मात्र माळ्यावर टाकलं.

आता हॉलमध्ये ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चढवलीये. रात्री साडेनऊ ते सव्वादहा. लेक समोर बसून पाढे म्हणते, तिचा एकोणीसचा पाढा माझ्या पायाच्या लयीत बसलाय. खाली जुनी सतरंजी घालतो, घामाने टाइल्स निसरड्या होतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली की छत गुरगुरतं. सतरंजीखाली रबराचा जाड तुकडा टाकला, थोडं कमी झालं. दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा अंमळ मोठा जातो.

येऊरला जायची आठवण येते. बघू.

पांदणवाट (वर्धा जिल्हा)

मी अंगणवाडीसेविका आहे. माझ्या मुलीला आठवीत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. तिची शाळा साडेदहाची. त्याआधी सायकल माझी.

मला चालवता येत नव्हती. अडतिसाव्या वर्षी शिकली. शाळेमागच्या मैदानात, दिवस बुडाल्यावर, कुणी पाहू नये म्हणून. लेक कॅरियर धरून मागे पळायची. एकदा मला वाटलं धरून आहे, मागे पाहिलं तर ती दूर उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मी सरळ तुरीत. महिनाभर साडीच्या काठाला ग्रीसचे डाग. मग चेनकव्हर बसवून घेतलं.

आधी गृहभेटीला पायी जायचं तर दोन घरांतच सकाळ संपे. आता चार होतात आणि परत येऊन भाकरी टाकते. तुम्ही सारे सायकलीसाठी वेळ काढता, आमच्याकडं सायकल आली तेव्हा वेळ निघाला. मे महिन्यात सीट इतकी तापते की ओलं फडकं घालून बसावं लागते.

लेक आता दहावीत आहे. पुढे कॉलेजला तालुक्याला गेली की सायकल पूर्ण माझी होईल. पण तेव्हा तिला बसने जावं लागेल, म्हणून तसं नको वाटते.

जुना बिल्ला (सांगली)

वय ६७. वेळ भरपूर आहे, गुडघा नाही.

तरुणपणी खडकीच्या कारखान्यात होतो. पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, रस्ता ओलांडायला माणसाला जागा नसे. "वेळ कसा काढता" हा प्रश्न कुणाला सुचलाही नसता. घरात वाहन म्हणजे सायकल, आणि तीही एक. सायकलीवर कर असायचा, तो भरल्याचा बिल्ला लावावा लागे. दिवा नसला की पोलीस पकडायचा, डबलसीट दिसलं की खाली उतरवायचा. बायकोला घेऊन सिनेमाला जाताना चौक आला की ती उतरून चालत पुढे जायची आणि चौकापलीकडे परत बसायची. हा आमचा व्यायाम.

आता नातवाला घेऊन कृष्णेच्या घाटापर्यंत जातो. तो चालवतो, मी पायी. त्याच्या सायकलीला सात गिअर. मी विचारलं कशाला एवढे, तर म्हणाला, "आजोबा, चढाला." सांगलीत चढ!

मागचं चाक (पुणे)

सगळ्यांचे आभार. घाटावरच्या ताई, नमस्कार पोचवला. बायकोने काल रात्री धागा सगळा वाचला. पांदणवाट यांचा दोनदा वाचला. मग माझ्या लिखाणात एक दुरुस्ती सांगितली, ती इथे टाकतो: मी साडेपाचला बाहेर पडतो हे बरोबर, पण अलार्म ४.५० ला वाजतो, पुन्हा पाचला वाजतो, आणि दोन्ही वेळा तो ती बंद करते.

मला हे खरंच माहीत नव्हतं. फोन हॉलमध्ये ठेवून बघितला, तर आई उठली.

तीन शिफ्टवाला (नाशिक)

मनगटावर थरथरणारं घड्याळ घ्या. साधं, स्वस्तातलं चालतं. रात्री चार्जिंगला मात्र लावू नका, जेवताना लावा.