फाइलीचा नोंदलेला आकार खोटा निघाल्यास आपोआप छाटणी करावी का?

चर्चाप्रस्ताव

फाइली साठवण्याच्या फॅट-३२ पद्धतीच्या मेमरी कार्डावर प्रत्येक फाइलीची नोंद ३२ बाइटांची असते. तिच्या शेवटच्या ४ बाइटांत आकार लिहिलेला असतो, तर फाइल कोणकोणत्या क्लस्टरांत (साठवणीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत) आहे त्याची साखळी फॅट तक्त्यात वेगळी असते. माझ्याकडे आलेल्या ३२ जीबीच्या एका कार्डावर शेजारची छायाचित्रे आठ-नऊ एमबीची असताना एकाच छायाचित्राचा आकार ३.९ जीबी दिसत होता. लिनक्सवर त्याची प्रत काढताना साखळी मध्येच संपली, लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलने चूक नोंदवली आणि सगळे कार्ड केवळ वाचण्यापुरते उरले. एका खराब नोंदीपायी बाकीच्या फाइलींचे काम अडू नये. म्हणून फाइलींची मांडणी तपासून दुरुस्ती करणाऱ्या एफएससीके या प्रोग्रामने साखळी प्रमाण मानावी आणि काही न विचारता नोंदलेला आकार साखळीच्या लांबीइतका छाटावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १

मी पूर्णपणे असहमत आहे. आकार आणि साखळी जुळत नाहीत एवढेच आपल्याला दिसते; त्यांतले खोटे कोणते, हे त्यावरून ठरत नाही. तक्त्याच्या ५१२ बाइटांच्या एका सेक्टरात (कार्डावरच्या छोट्या कप्प्यात) प्रत्येक क्लस्टरची ४ बाइटांची एक, अशा १२८ नोंदी मावतात. क्लस्टर ३२ केबीचे असतील आणि तेवढा एकच सेक्टर शून्य झाला, तर लग्नाच्या चित्रफितीतले सलग ४ एमबी मोकळी जागा म्हणून दिसू लागतात. अशा वेळी आकार खरा असतो आणि साखळीच तुटलेली असते. तुम्ही आकार छाटलात की मूळ लांबीचा एकमेव पुरावा पुसला जातो, आणि कॅमेऱ्याने पुढचे छायाचित्र त्याच ४ एमबींवर लिहिले की परतीची वाट उरत नाही.

प्रतिसाद २

तरीही मी छाटणीच्याच बाजूने आहे. जी यंत्रे सुरू होतानाच कार्ड तपासतात, त्यांच्यापुढे उत्तर द्यायला माणूस बसलेला नसतो. शिवाय लिनक्सच्या एक्स्ट४ या साठवण-पद्धतीत विरळ फाइलींमुळे (ज्यांच्या रिकाम्या भागांना जागा दिलेलीच नसते) आकार प्रत्यक्ष जागेपेक्षा मोठा असणे रास्त असते. फॅटमध्ये ती सोयच नाही, त्यामुळे येथे तफावत म्हणजे दोष हे निश्चित.

प्रतिसाद ३

दोष निश्चित आहे, पण तो कुठे आहे हे अजूनही निश्चित नाही. फॅट तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात. पहिलीतली साखळी तुटली असेल तर आधी दुसरी पाहावी आणि तिथली लांबी आकाराशी जुळली तर तीच स्वीकारावी. यंत्रापुढे माणूस नसेल, तर ती एक फाइल उघडू देऊ नये आणि बाकीचे कार्ड वापरू द्यावे, मात्र नवे काही लिहू देऊ नये.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

दुसरी प्रत आधी पाहण्याचा मुद्दा मला मान्य आहे. तो माझ्या लक्षात यायला हवा होता. मात्र दोन्ही प्रतींत साखळी सारखीच असेल आणि तिचा शेवट शून्याने नव्हे, तर रीतसर समाप्तीच्या खुणेने झाला असेल, तर ३.९ जीबी हा आकडाच बिघडला आहे असे मी मानतो. तिथे छाटणी करावी, पण जुना आकार अहवालात लिहून ठेवल्यानंतरच.